चौथा मागितला, सहावा पडला : एका मुरलेल्या ड्रायव्हरची नऊ गिअरची गाडी

सहा गिअरच्या ट्रकवर आयुष्य काढलेल्या माणसाला नऊ गिअरची गाडी दिली की दोन-तीन खेपांत तो आपोआप शिकतो, असं आमच्या धंद्यात सगळे धरून चालतात. चावी हातात द्यायची, एखादी खेप शेजारी दुसऱ्या ड्रायव्हरला बसवायचं आणि मग माल भरून गाडी घाटाकडे सोडायची. परवान्यालाही त्याचं काही नसतं. दुचाकीच्या परवान्यात गिअरची आणि विनागिअरची अशी वेगळी नोंद होते, पण पाच गिअरचा ट्रक आणि नऊ गिअरचा चौदा टायरी ट्रक कायद्याच्या लेखी एकच.

हे प्रकरण ज्यांचं आहे त्यांना सगळे काका म्हणतात. वय पन्नाशीच्या आसपास. राहणारे इंदूरचेच, घरात मराठी आणि गाडीवर इंदुरी हिंदी. शिकले ते रस्त्यावर, आधी क्लीनर आणि मग उस्तादाच्या हाताखाली ड्रायव्हर. हात इतका हलका की शेजारी बसलेल्याला गिअर कधी बदलला ते आवाजावरूनच कळावं. देवास नाक्याकडच्या ज्या ट्रान्सपोर्टमध्ये मी ड्रायव्हरांचं काम बघतो तिथे पीथमपूरच्या कारखान्यांचा माल धुळे, नाशिक, भिवंडीकडे नेण्यात त्यांची निम्मी हयात गेली. म्हणजे ते शिकाऊ नव्हते, आणि या प्रकरणात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची ठरली.

आधीची गाडी दहा टायरची, सहा गिअरची. नवी ४२ टनी, अडीचशे हॉर्सपॉवरची. (ट्रकच्या मॉडेलचा आकडा बहुतेक कंपन्यांत असाच वाचतात : ४२२५ म्हणजे एकूण वजन ४२ टन, ताकद २५० च्या जवळपास.) २०१८ च्या जुलैत केंद्राने ॲक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली. दहा टायरच्या ट्रकचं एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर गेलं, वरच्या गाड्यांचंही तसंच वाढलं. मग एप्रिल २०२० पासून कमी प्रदूषणाची बीएस-६ इंजिनं आली. त्यांचा पूर्ण जोर साधारण १,००० ते १,६०० आरपीएमच्या (मिनिटाला इंजिनच्या फेऱ्या) पट्ट्यात मिळतो. एवढं वजन आणि एवढासा पट्टा, तर आरपीएमचा काटा हिरव्या पट्ट्यात ठेवायला गिअरच्या पायऱ्या जवळजवळ हव्यात. सहा गिअरमध्ये एका पायरीला दीडपटीच्या आसपास फरक पडतो, नऊ गिअरच्या पेटीत (गिअरबॉक्समध्ये) सव्वा ते दीडपटीच्या मध्ये, म्हणजे चौथ्यातून पाचव्यात १,६०० वर बदललं तर काटा १,१७० च्या जवळ येऊन बसतो. काकांना २,००० च्या पुढे इंजिन ओरडवून मग गिअर टाकायची सवय. ती मात्र लवकर सुटली, कारण नवं इंजिन खालूनच उचलतं हे एकदा पायाला कळलं की पुरतं.

पेटीची रचना थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. नऊ गिअर म्हणजे एकामागोमाग एक नऊ जोड्या नव्हेत. मुख्य पेटीत चार गिअर (शिवाय क्रॉलर, म्हणजे पहिल्याच्याही खालचा सगळ्यात हळू गिअर, आणि रिव्हर्स), आणि तिच्या मागे हवेच्या दाबावर चालणारा दोन टप्प्यांचा आणखी एक भाग, लो आणि हाय. दुमजली घर समजा : खाली चार खोल्या, वर त्याच चार. लोमध्ये ते १ ते ४ होतात, हायमध्ये तेच ५ ते ८, आणि क्रॉलर धरून नऊ. या गाडीत गिअरच्या दांड्याच्या पाच गल्ल्या आहेत. डावीकडून रिव्हर्स आणि क्रॉलर, मग १-२, ३-४, ५-६, ७-८. विषम पुढे, सम मागे. ३-४ आणि ५-६ यांच्या मधली हद्द ओलांडताना दांड्याला बाजूने ठोका द्यावा लागतो, तेव्हा हवेचा व्हॉल्व्ह उघडतो आणि मागचा भाग लोमधून हायमध्ये जातो किंवा उलटा येतो.

आता सहा गिअरच्या गाडीचा नकाशा आठवा : रिव्हर्स, १-२, ३-४, ५-६. सहाव्यापर्यंत अगदी तोच! त्यामुळे जुना ड्रायव्हर नव्या गाडीच्या दांड्याकडे बघतो आणि म्हणतो, यात नवीन काय आहे, उजवीकडे एक गल्ली जास्त आहे एवढंच. पूर्ण अनोळखी पेटी परवडली, निदान माणूस सावध असतो.

सुरुवातीचे काही आठवडे बायपासवर आणि सपाटीवर काहीही घडलं नाही. तक्रारी आल्या त्या भलत्याच : गाडीचा ॲव्हरेज कमी, आणि टोलनाक्यावर क्लचचा वास. मालकांचं मत पडलं की वय झालं. वर्कशॉपचं मत पडलं की क्लचप्लेट. मी एका रिकाम्या खेपेला शेजारी बसलो, मांगलियापासून राऊपर्यंत.

गिअर चढवताना एकही चूक नाही. दुसऱ्यातून सुरुवात, तिसरा, चौथा, ठोका, पाचवा, सहावा, सगळं लोण्यासारखं. वेग कमी करायची वेळ आली की मात्र चित्र बदलायचं. स्पीडब्रेकर, वळणारा ट्रॅक्टर, टोलची रांग, काहीही आलं की काका सातव्यातून सहाव्यात यायचे, सहाव्यातून पाचव्यात, आणि तिथे थांबायचे. पुढे ब्रेक, न्यूट्रल, गाडी जवळजवळ उभी, आणि मग पुन्हा दुसऱ्यापासून. गाडी उभी करण्याइतकी जागा नसेल तर पाचव्यातच अर्धा क्लच दाबून ओढायचे. क्लचचा वास तिथला, कमी ॲव्हरेजही तिथलाच. पाचव्यातून चौथ्यात येणं त्यांनी गाडी चालवण्यातून हळूच वगळून टाकलं होतं. मी तसं विचारलं तर म्हणाले, "नाही रे, येतो ना चौथ्यात. गरज नाही पडत म्हणून." ते खोटं बोलत नव्हते. अवघड जागा टाळायची सवय इतकी गुळगुळीत झाली होती की त्यांना स्वतःलाच ती दिसत नव्हती.

सपाटीवर हे चालतं. घाटात उभं राहून पुन्हा सुरुवात करता येत नाही.

इंदूरहून धुळ्याकडे निघालं की महू, मानपूरनंतर माळव्याचं पठार संपतं. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, खाली नर्मदेचा काठ दीडशेच्या आसपास. मधली उंची थोड्या अंतरात उतरायची. राऊ-खलघाट रस्त्यावरचा गणेश घाट ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी वर्षानुवर्षं बदनाम आहे. पुढे सेंधव्यानंतर बिजासन घाट, आणि तो उतरून महाराष्ट्रात शिरलं की पळासनेर, जिथे जुलै २०२३ मध्ये ब्रेक गेलेला कंटेनर वाहनांना उडवत हॉटेलात घुसला आणि माणसं गेली. या रस्त्यावर पाचवा-चौथा न येणारा ड्रायव्हर पाठवायचा नसतो.

भरल्या गाडीवर मी पुन्हा सोबत गेलो. मानपूरच्या पुढे, खरा घाट लागायच्या आधी एक साधा उतार आहे. गाडी पाचव्यात, वेग २४-२५, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून गाडी धरून ठेवणारा) चालू. काकांनी चौथा घ्यायचा ठरवला. क्लच, दांडा पाचव्यातून मधे, डावीकडे हलकासा कल, आणि मागे. गिअर पडला, अगदी अलगद. क्लच सोडला आणि इंजिन गप्प झालं. चौथा पडता तर काटा २,००० च्या पुढे जाऊन गाडी मागे ओढली गेली असती. काटा होता १,१०० वर, आणि गाडी पुढे पळायला लागली. चौथा मागितला होता, पडला सहावा.

काकांनी पाय ब्रेकवर ठेवला, गाडी कडेला घेतली. काही झालं नाही. ते दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून म्हणाले, "मी तर चौथाच टाकला." हाताच्या हिशेबाने त्यांचं म्हणणं बरोबरच होतं.

सगळ्या प्रकरणाची गुरुकिल्ली न्यूट्रलची स्प्रिंग आहे. सहा गिअरच्या गाडीत दांडा न्यूट्रलला सोडला की स्प्रिंग त्याला ३-४ च्या गल्लीत आणून ठेवते. नेहमी, न चुकता. तिथून सरळ मागे ओढलं की चौथा. या नऊ गिअरच्या पेटीत लोमध्ये असताना स्प्रिंग ३-४ वर आणते, पण हायमध्ये असताना ५-६ वर. हद्द ठोक्याने ओलांडली नाही तर न्यूट्रल हायमधलाच राहतो, आणि तिथून सरळ मागे ओढलं की सहावा. हाताला जाणवणारी हालचाल तंतोतंत तीच. उलट बाजूलाही असंच : चौथ्यातून पाचव्यात जाताना ठोका कमी पडला तर पुढे ढकलल्यावर तिसरा लागतो, पण तिथे इंजिन किंचाळतं, गाडीला हिसका बसतो, ड्रायव्हरला लगेच कळतं. खाली येतानाची चूक मात्र मऊ असते. सहावा बिनतक्रार बसतो, आवाज कमी होतो, आणि आवाज कमी होणं हे कोणत्याही ड्रायव्हरच्या कानाला सुख वाटतं. चूक जिथे जास्त धोक्याची, तिथेच ती सगळ्यात कमी बोलते.

मग ठोका कमी का पडत होता? ताकद कमी होती म्हणून नव्हे. कारण मला पुढे यार्डात कळलं. मी दांड्याला बाजूने जोरात मारून दाखवलं तर काकांचा चेहराच उतरला. "गिअरला मारायचं नसतं. उस्तादाने पहिल्याच दिवशी यावरून कानाखाली दिली होती." जुन्या पेट्यांत ती शिकवण सोन्यासारखी होती. दांडा दोन बोटांत धरायचा, स्प्रिंग नेईल तिकडे जाऊ द्यायचा, दात जुळले की तो आपणच आत जातो. ज्या पेट्यांत सगळ्या गिअरना सिंक्रोमेश (दातांचा वेग आपोआप जुळवणारी कडी) नसायचा तिथे ज्याचा हात जड त्याचे दात तुटलेच. काकांना अडचण येत होती ती चांगलं शिकल्यामुळे. हे लक्षात न घेता त्यांना 'नीट गिअर टाका' सांगणं म्हणजे त्यांना आणखी हलक्या हाताने टाकायला सांगणं होतं.

आणखी एक गोष्ट आमच्याकडे कुणी धरत नाही. शिकवणारा वयाने लहान, शिकणारा मोठा. ते मला अरे-तुरे करणार, मी त्यांना तुम्ही-काका. अशा वेळी इतर ड्रायव्हर आणि क्लीनर यांच्यासमोर 'असं नाही, असं' करायला गेलं की माणूस मान डोलावतो आणि शिकत नाही. म्हणून रविवार धरला, यार्ड मोकळं असताना.

इंजिन बंद, टाक्यांत हवा पूर्ण भरलेली, क्लच दाबलेला, आणि फक्त हद्द ओलांडायची. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. इंजिनाचा आवाज नसला की व्हॉल्व्हची फुस्स ऐकू येते. फुस्स आली म्हणजे मजला बदलला, नाही आली म्हणजे दांडा कुठेही असो, तुम्ही जुन्याच मजल्यावर आहात. या आवाजाने जे साधलं ते माझ्या बोलण्याने साधलं नसतं, कारण काकांचा विश्वास कानावर आहे. हाताची पकडही बदलली. आपल्याकडे ड्रायव्हर उजव्या बाजूला, दांडा डाव्या हाताला. पाचव्याकडे येताना बोटांनी स्वतःकडे ओढायचं, चौथ्याकडे जाताना मूठ सोडून उघड्या तळव्याने बाहेर ढकलायचं. तळवा उघडा असला की दोन बोटांची जुनी नजाकत मध्ये येत नाही. हद्द ओलांडली की पुन्हा हवं तेवढं हलकं धरा. 'मारणं' हा शब्दच मी वापरायचा बंद केला, 'दार ढकला' म्हणायला लागलो, तेव्हा त्यांना ते पटलं.

हवेबद्दल एक सूचना इथेच : सकाळी टाक्या रिकाम्या असतील तर मागचा भाग हलतच नाही. दाबाचा काटा वर येईपर्यंत दांड्याशी झटापट करू नये.

दुसरा भाग वेगाचा. काका गिअर जागेवरून ओळखायचे. मला हवं होतं की त्यांनी वेगावरून ओळखावा. या गाडीत आठव्यात १,५०० आरपीएमला साधारण ६० चा वेग येतो. तिथून गुणोत्तरांनी खाली या : सातव्यात ४५, सहाव्यात ३३, पाचव्यात २४, चौथ्यात १७, तिसऱ्यात १३. मागचा ॲक्सल आणि टायर बदलले तर आकडे थोडे हलतील, म्हणून ज्याने-त्याने आपल्या गाडीवर स्वतः काढावेत. हे आकडे चिकटपट्टीवर लिहून डॅशबोर्डवर लावले, तर ते दुसऱ्या दिवशी गायब. शिकाऊची पाटी त्यांना नको होती. नंतर बघितलं तर सन-व्हायझरच्या आतल्या बाजूला, त्यांच्या अक्षरात, फक्त दोन आकडे होते : २४ आणि १७. तेवढेच लागतात. हद्द त्या दोहोंच्या मध्ये आहे.

रस्त्यावरचा सराव आम्ही उलटा लावला, आणि या प्रकरणातून एकच गोष्ट कुणी उचलायची असेल तर ती ही असं मी म्हणेन. चढते गिअर शिकवलेच नाहीत, ते येत होते. बायपासच्या सर्व्हिस रोडवर रिकामी गाडी सहाव्यात आणायची, वेग २० च्या खाली येऊ द्यायचा, पाचव्याला हात न लावता थेट चौथा. मग पाचव्यातून चौथा. मग न्यूट्रलमध्ये काही सेकंद सोडून द्यायचं, मी काहीतरी भलतंच विचारायचो, आणि त्यांनी स्पीडोमीटर बघून योग्य गिअर काढायचा. हा शेवटचा प्रकार त्यांना सगळ्यात जड गेला. गाडी न्यूट्रलमध्ये आणि मन दुसरीकडे, अशा वेळी हात जुन्या घरी जातो. क्लच सोडल्यावर आवाज वाढायला हवा, वाढला नाही तर लगेच क्लच आणि ब्रेक, हा नियम त्यांनीच मला करून दिला.

डबल क्लचचा वाद झाला. काका खाली येताना न्यूट्रलमध्ये क्लच सोडून रेस द्यायचे आणि पुन्हा क्लच दाबायचे. सिंक्रोमेश पेटीत त्याची गरज नाही, मॅन्युअलही सांगत नाही. अमेरिका-कॅनडातल्या बिनसिंक्रो अठरा गिअरच्या पेट्यांत इंजिनचा वेग ड्रायव्हरलाच जुळवावा लागतो, तो प्रश्न वेगळा. मी ती सवय मोडली नाही. थोडी रेस दिल्याने सिंक्रोच्या कड्यांवरचा ताण कमीच होतो, आणि एका वेळी एकच जुनी सवय काढावी असं माझं मत आहे. चढत्या गिअरला मात्र डबल क्लच बंद करायला लावला, तिथे तो नुसता वेळ आणि क्लच खातो.

घाटासाठी नियम कडक ठेवला : हद्द उतारावर ओलांडायची नाही. घाटाच्या माथ्यावर, अजून सपाटी असताना, वेग १५ वर आणून चौथा किंवा तिसरा घ्यायचा, फुस्स ऐकायची, एक्झॉस्ट ब्रेक लावायचा, आणि खाली सपाटी लागेपर्यंत लोमध्येच राहायचं. यावर जुन्या लोकांचा एक दाखला पुढे आला : ज्या गिअरमध्ये गाडी चढते त्याच गिअरमध्ये उतरवा. काकाही तेच म्हणाले. १३० हॉर्सपॉवरच्या गाडीला तो दाखला चपखल होता, कारण ती चढायचीच खालच्या गिअरमध्ये. अडीचशेची गाडी तोच चढ पाचव्यातही काढू शकते, पण उतारावर तिला धरून ठेवायला पाचवा पुरेलच असं नाही. इंजिनची ताकद वाढली म्हणून उतारावरची ओढ कमी होत नाही, वजन वाढलं की ती वाढतेच. म्हणून आम्ही धरलं : ज्यात चढते त्याच्या एक खाली, शंका असेल तर दोन खाली. एक्झॉस्ट ब्रेकलाही काटा वर असेल तरच जोर येतो, १,१०० वर तो नावापुरता असतो. लाल पट्ट्यात मात्र काटा जाऊ द्यायचा नाही, तिथे ब्रेक दाबून वेग पाडायचा आणि पुन्हा सोडायचा. पाय सतत ब्रेकवर ठेवून ड्रम तापवत उतरायचं नाही.

पहिल्या भरल्या खेपेला मी गणेश घाटात सोबत होतो. माथ्यावर त्यांनी चौथा घेतला, फुस्स झाली, आणि अर्ध्या घाटात मागच्या बसने हॉर्न वाजवून जीव नकोसा केला तरी सोडला नाही. बिजासनला तिसऱ्यात उतरले. मला ते जरा जास्तच हळू वाटलं, पण मी बोललो नाही. परतीच्या चढावर वेग पडत असताना पाचव्यातून चौथा एकदा हुकला, गाडी उभी राहिली, आणि त्यांनी हँडब्रेक ओढून पहिल्यापासून सुरुवात केली. चढावर वेग फार भरभर पडतो, तिथे २४ ची वाट न बघता २७-२८ लाच निर्णय घ्यावा लागतो. हे त्यांना अजून पूर्ण जमलेलं नाही. क्रॉलरही ते वापरत नाहीत. भरली गाडी चढावर पहिल्यात उचलण्याचा हट्ट आहे, आणि त्याची किंमत क्लचप्लेटच देणार. क्लचचा टोलवरचा वास मात्र गेला, ॲव्हरेज इतर गाड्यांच्या रांगेत आला.

मालकांनी आता दुसऱ्या बनावटीची एक गाडी घेतली आहे. तिच्यात गल्ल्यांच्या दोन जोड्या नाहीत, दांड्याच्या मुठीला बोटाने वर-खाली करायचं बटण आहे, आणि तीच चार ठिकाणं दोनदा वापरायची. काका तिच्यात चढले, चावी न लावता दांडा हलवून बघितला आणि विचारलं, "हिचा न्यूट्रल कुठे बसतो?" मी सांगितलं, लो असो की हाय, एकाच जागी. म्हणजे जागेवरून काहीच कळणार नाही, बटण वर आहे की खाली ते बोटाने चाचपायचं आणि वेगाशी ताडून बघायचं. "मग रविवारी हवा भरून ठेव," म्हणाले.